मांजराची नखे कापताना: जबरदस्ती नको, सवय लावा

मांजर असलेल्या घरात एक तक्रार ठरलेली असते. "तसं गरीब आहे हो, पण नखं फार मारतं." सोफ्याचे कापड उसवते, जानमाजचे धागे निघतात, ओढणीला भोके पडतात. तोवर घरातले लोक हसून सोडून देतात. मग एक दिवस पाळण्यातल्या बाळाच्या गालावर ओरखडा उठतो आणि घरातला सूर बदलतो. कुणीतरी मांजराला पिशवीत घालतो, स्कूटरवर ठेवतो आणि मासळी बाजाराच्या मागे सोडून येतो. "तिथं खायला मिळेल त्याला," अशी मनाची समजूतही घातली जाते.

खरे तर तिथे त्याला खायला मिळण्याची शक्यता कमीच असते. बाजारातल्या मांजरांचा इलाका आधीच वाटून झालेला असतो. कुत्री असतात, टेम्पो असतात. घरात वाढलेल्या मांजराला यातले काहीच ठाऊक नसते. उपाशी-तहानेले राहील अशा ठिकाणी पाळीव जनावराला विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. आणि हा सगळा प्रकार होतो तो नखाच्या एक-दोन मिलिमीटर टोकापायी, जे घरच्या घरी, रोज दोन मिनिटे देऊन कापता येते.

अडचण कापण्याची नसतेच, मांजर पंजा हातात देत नाही ही असते. म्हणून आज आम्ही नखे कापण्याबद्दल कमी आणि पंजा हातात देण्याची सवय कशी लावावी याबद्दल जास्त लिहिणार आहोत.

आपली घरे आणि मांजर

आपल्या घरांत मांजराला पहिल्यापासून मोकळीक आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची ओळखच मांजराच्या पिल्लामुळे पडलेल्या नावाने आहे. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस तर मदरशात जाणाऱ्या लहान मुलांनाही माहीत असते. त्यामुळे मांजराला खायला घालणे आपल्याला शिकवावे लागत नाही. दूध नाहीतर मच्छीचे डोके पुढे सरकवले की आपले कर्तव्य संपले, असे मात्र अनेकांना वाटते. ज्याला घरात ठेवले त्याचे कान, दात, नखे पाहणे हीसुद्धा त्याची खिदमतच आहे. जुम्याला आपण मुलांची नखे पाहतो. त्याच दिवशी मांजराचे पंजेही पाहायची रीत घरात पडली, तर वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

नख समजून घ्या

मांजराला साधारणपणे १८ नखे असतात. पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार. पुढच्या पायाचे पाचवे नख आतल्या बाजूला, थोडे वर असते. ते जमिनीला लागत नाही, म्हणून झिजत नाही. नेमके तेच पाहायचे राहून जाते आणि तेच जास्त वाढते.

चालताना मांजर नखे आत ओढून घेते. बोटाच्या वरून अंगठ्याने आणि खालून गादीवर बोटाने हलकेच दाबले की नख बाहेर येते. खिडकीजवळच्या उजेडात पाहिले तर दोन भाग स्पष्ट दिसतात. टोकाकडचा पांढरट, काचेसारखा भाग आणि मुळाकडचा गुलाबी भाग. गुलाबी भागात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. तिथे कात्री लागली तर रक्त येते आणि आपले बोट कापल्यावर दुखते तसे त्याला दुखते. पांढरे टोक म्हणजे निर्जीव भाग, ते कापल्याचे मांजराला काहीच वाटत नाही. आपल्याला कापायचे आहे ते फक्त हे वाकडे, टोकदार अग्र. गुलाबी भागापासून दोन मिलिमीटर तरी दूर राहावे.

मांजर खांबाला, दाराला नखे घासते तेव्हा "धार लावतंय" असे आपण म्हणतो. खरे तर नखावरचे जुने, सुकलेले टरफल ते काढून टाकत असते. शिवाय अंग ताणते आणि आपल्या जागेवर खूण ठेवते. म्हातारे मांजर सांधे दुखत असल्याने हे घासणे कमी करते. त्याची नखे जाड होतात, गोल वळतात आणि कधी कधी पंजाच्या गादीतच रुततात. फरशीवर टकटक आवाज येणे, गोधडीत नख अडकून राहणे, एकच पंजा सारखा चाटणे, लंगडणे ही त्याची लक्षणे. नख गादीत रुतलेले दिसले तर घरी हात लावू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

बी.एड.च्या पुस्तकातले मांजर

आमच्यासारख्या बी.एड. केलेल्या प्रत्येकाने परीक्षेत एका मांजरावर उत्तर लिहिलेले असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाईक यांचे हे मांजर. त्यांनी भुकेले मांजर पिंजऱ्यात ठेवले आणि खाणे बाहेर. मांजराने ओरबाडले, चावले, उड्या मारल्या. असे करता करता चुकून खटक्यावर पाय पडला आणि दार उघडले. पुढच्या प्रत्येक वेळी त्याला कमी वेळ लागला. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांतून पुढे परिणामाचा नियम आला. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा, ती कृती पक्की होते.

हा नियम आपल्या अंगणात लावून पाहा. आपण मांजराला घट्ट धरतो, ते धडपडते, शेवटी ओरबाडते, आपण "या अल्लाह!" म्हणून सोडतो. मांजर काय शिकले? ओरबाडले की सुटका होते. म्हणजे पुढच्या वेळी ते धडपडण्यात वेळ न घालवता थेट ओरबाडणार. आपणच दार उघडायचा खटका त्याला दाखवून दिला.

दुसरा प्रयोग एका मुलाचा आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या, सुमारे तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. समजावून किंवा रागावून नव्हे. मुलगा आवडीचे खाणे खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत दूर ठेवायचा. मूल शांत राहिले की पुढे थोडा जवळ. असे करत करत शेवटी तो मुलगा सशाला कुरवाळू लागला. भीतीची वस्तू आणि आनंदाची वस्तू एकत्र आणायची, पण भीतीची मात्रा इतकी थोडी ठेवायची की आनंदच वरचढ राहावा, एवढेच त्यातले मर्म.

मांजराची नखे कापण्याची सारी पद्धत या दोन प्रयोगांत आली. मांजराला गोणीत घालून किंवा मानगूट धरून नखे कापता येत नाहीत असे नाही. येतात. ते निपचित पडून राहते. पण छडीच्या भीतीने गप्प बसलेला वर्ग आणि ऐकण्यात रमलेला वर्ग यांतला फरक शिक्षकाला कळतो. भीतीने गप्प बसलेले मांजर पुढच्या वेळी नखकात्री पाहताच कपाटाखाली जाते.

तयारी

जनावरांच्या औषधांच्या किंवा पाळीव प्राण्यांच्या दुकानात मांजरासाठी छोटी नखकात्री मिळते. तिला धार हवी. बोथट पाते नख कापत नाही, चेपते, आणि ते दुखते. घरातल्या माणसांचे नेलकटर वापरू नये. दुसरी गोष्ट बक्षिसाची. उकडलेल्या चिकनचे किंवा काटे काढलेल्या मच्छीचे चणाडाळीएवढे तुकडे. त्यात मीठ-मसाला नको आणि कांदा-लसूण तर अजिबात नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. सालनातला तुकडा धुऊन दिला तरी चालत नाही.

वेळ निवडायची ती मांजर खेळून, खाऊन सुस्तावलेले असताना. घरात पाहुणे, मिक्सरचा आवाज, मुलांची पळापळ असेल तर त्या दिवशी सुट्टी. उजेड दिवसाचा असावा.

चार पायऱ्या

पहिली पायरी, स्पर्श. मांजर शेजारी बसलेले असताना त्याच्या पुढच्या पायाला एक सेकंद हात लावा, हात काढा आणि लगेच तुकडा द्या. हाच क्रम ठेवा, आधी स्पर्श आणि मग खाऊ. उलटे केले तर खाऊ दिसताच मांजर सावध होईल. दिवसातून एक-दोनदा, चार-पाच वेळा पुरे. पाय मागे ओढला तर ओढू द्या, पकडू नका. तीन-चार दिवसांत हात लागताच ते तुकड्यासाठी तोंड वर करू लागते. समजा, पहिला धडा पाठ झाला.

दुसरी पायरी, दाब. आता पंजा दोन बोटांत घ्या, हलके दाबून एक नख बाहेर आणा, सोडा, तुकडा द्या. एका बैठकीत एकच नख, नंतर दोन. मागचे पाय शेवटी घ्यावेत. ते हाताळलेले मांजराला जास्त खटकतात.

तिसरी पायरी, कात्रीची ओळख. कात्री त्याच्या जेवणाच्या ताटलीजवळ नुसती ठेवा. त्याला हुंगू द्या. हुंगले की तुकडा. मग ती बंद कात्री पंजाला टेकवा, तुकडा द्या. आता आवाजाची सवय. कच्ची मॅक्रोनी किंवा जाड कोरडी शेवई मांजराच्या जवळ कात्रीने कट् करून कापा आणि लगेच तुकडा द्या. हळूहळू एका हातात पंजा आणि दुसऱ्या हाताने शेवई, असे करा. मांजराच्या दृष्टीने नखे कापणे येथेच होऊन जाते, फक्त नख अजून कापलेले नसते.

चौथी पायरी, एक नख. पांढऱ्या टोकाला कात्रीची पाती वरून आणि खालून येतील अशी धरा. पाती दोन्ही बाजूंनी आडवी दाबली तर नख चिरते. कट्, तुकडा, शाबासकी, बस्स. मांजर शांत असले तरी पहिल्या दिवशी दुसरे नख घेऊ नका. रोज एक नख कापले तर अठरा दिवसांत अठरा होतात. कुणाला हे फार वाटेल. पण नखे दोन ते चार आठवड्यांनी एकदा पाहायची असतात. म्हणजे रोज एकच नख कापणाऱ्याचेही काम वेळेतच होते.

कुठल्याही पायरीवर थांबायचे कधी, हे मांजरच सांगते. शेपटी जोरात आपटू लागते, कान मागे चिकटतात, पाठीची कातडी थरथरते, बुबुळे मोठी होतात, गुरगुरते. आणि सर्वांत खात्रीची खूण म्हणजे आवडता तुकडाही ते तोंडात घेत नाही. ओरबाडण्याच्या आधी थांबा, नंतर नाही. नंतर थांबलात तर पुन्हा थॉर्नडाईकचा खटका. दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली उतरून सुरुवात करा. यात कमीपणा काही नाही. वर्गात भागाकार जमला नाही की आपण गुणाकाराकडे परत जातोच.

मुलांना या कामात जरूर घ्या, पण काम वाटून द्या. लहान मुलांनी तुकडे द्यावेत, पायऱ्यांची वही लिहावी. कात्री मोठ्यांच्याच हातात. पिल्लू दोन महिन्यांचे असतानाच पंजे हाताळायला सुरुवात केली तर सगळे फार लवकर होते.

एका घरातली गोष्ट

आमच्या शाळेत सहावीत शिकणाऱ्या एका मुलीच्या घरी अगदी मासळी बाजाराची वेळ आली होती. भाभीचे बाळ सात महिन्यांचे, दादीला मधुमेह. मांजराने खेळता खेळता दादीच्या पायाला नख लावले आणि ती जखम तीन आठवडे भरेना. अब्बांनी निकाल देऊन टाकला. मुलगी मधल्या सुट्टीत आमच्याकडे आली. रडत नव्हती, पण तिने विचारले, "मांजराला शिकवता येतं का?"

अब्बांचा राग चुकीचा नव्हता. मधुमेही माणसाच्या पायाची जखम साधी नसते. म्हणून आम्ही त्यांना मांजर ठेवाच असे सांगितले नाही. एका महिन्याची मुदत मागितली आणि तोवर दोन गोष्टी पाळायला सांगितल्या. बाळ झोपते त्या खोलीचे दार बंद आणि दादीच्या पायात घरातही मोजे. अम्मीने पंजा धरायचा, मुलीने तुकडा द्यायचा, असे ठरले.

पहिला आठवडा नुसता स्पर्शात गेला. अब्बा म्हणाले, "नखं तर तेवढीच आहेत." पंधराव्या दिवशी पहिले नख कापले गेले. दादी खाटेवरून रोज विचारू लागली, "आज कितवं?" महिना झाला तेव्हा पुढच्या दोन्ही पायांची दहा नखे कापून झाली होती. मागच्या पायांना मांजर अजूनही हात लावू देत नव्हते. पण बाळाला आणि दादीला भीती होती ती पुढच्याच नखांची. अब्बांनी मुदत वाढवली. पुढे ती मुदत किती, हे कुणी विचारलेच नाही.

या महिन्यात आणखी एक गोष्ट झाली. मांजराची नखे पाहता पाहता मुलीचे लक्ष दादीच्या पायांकडे गेले. नजर कमी झाल्याने आणि वाकता येत नसल्याने दादीची नखे जाड होऊन बाजूच्या बोटाला टोचत होती. दादीने कधी कुणाला सांगितले नव्हते. मधुमेहात पायाची नखे सरळ कापावी लागतात, कोपरे खोल कोरायचे नसतात, आणि नख फार जाड झाले असेल तर डॉक्टरांनाच दाखवावे लागते. अम्मीने दादीला दवाखान्यात नेले. आता त्या घरात जुम्याला तिघांचे पाहिले जाते. बाळाचे, दादीचे आणि मांजराचे.

रक्त आले तर, ओरखडा बसला तर

नख जास्त कापले जाऊन रक्त आले तर घाबरू नका, ओरडू नका. स्वच्छ सुती कापड टोकावर काही मिनिटे दाबून धरा. थोडे कॉर्नफ्लोअर लावून दाबले तरी रक्त थांबते. दहा-पंधरा मिनिटांत थांबले नाही तर दवाखाना. हळद, चुना लावू नये, मांजर ते चाटते. फरशी पुसायचे फिनाईल किंवा त्या जातीचे जंतुनाशक मांजराच्या अंगाला लागू देऊ नये. आणि "दुखतंय बिचाऱ्याला" म्हणून माणसांची पॅरासिटामॉल गोळी कधीही देऊ नका. ती मांजराला जीवघेणी आहे.

माणसाला ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. तिखट, चुना, तेल काही भरू नका. रक्त आलेला ओरखडा असो की चावा, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो हा समज चुकीचा आहे, मांजरामुळेही होऊ शकतो. लस घ्यायची की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या. घरच्या मांजराला रेबीजची लस वेळच्या वेळी टोचून घ्या आणि त्याची नोंद जपून ठेवा. ओरखड्यानंतर काही दिवसांनी ताप आला, काखेत किंवा मानेला गाठ आली तर मांजराचा ओरखडा बसला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कुणाची नखे कापू नयेत

रात्रभर बाहेर फिरणाऱ्या मांजराची नखे कापू नयेत. कुत्रा मागे लागला तर झाडावर चढायला त्याच्याजवळ दुसरे साधन नाही. घरातच राहणाऱ्या मांजरासाठी हा लेख आहे.

कधी कुणी सुचवते की डॉक्टरकडून नखे कायमचीच काढून घ्यावीत. हा विचार मनातही आणू नका. त्या शस्त्रक्रियेत नख उपटत नाहीत, बोटाचे शेवटचे हाड कापून काढतात. माणसाच्या बाबतीत बोलायचे तर प्रत्येक बोटाचे पहिले पेर. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये ती कायद्याने बंद केली.

नखे कापली म्हणून मांजर घासायचे थांबत नाही आणि थांबूही नये. त्याला त्याची जागा द्या. अडीच-तीन फूट उंचीचा लाकडी खांब किंवा जुन्या टेबलाचा पाय घ्या, त्यावर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा आणि तो हलणार नाही असा, ते झोपते त्या जागेजवळ किंवा सोफ्याच्या शेजारीच उभा करा. कोपऱ्यात लपवून ठेवलेल्या खांबाकडे मांजर फिरकत नाही. तिथे घासले की तुकडा. सोफ्यावर घासले तर मार नाही, उचलून खांबाशी नेणे.

या सगळ्याला खर्च फारसा नाही. एक कात्री, थोडी दोरी, मूठभर उकडलेले चिकन. लागतो तो सब्र, आणि तो मांजराच्या वेगाने. या जुम्याला मुलांची नखे कापून झाली की मांजराच्या पंजाला एक सेकंद हात लावा आणि तुकडा द्या. पहिल्या दिवशी एवढेच. कात्री अजून कपाटातच राहू द्या.